सोलापूरहून परदेशी बिझनेस क्लासने जाताना: कंपनीआधी विमान बघा

जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला निघालेले टॉवेलचे निर्यातदार, लेकीकडे अमेरिकेला जाणारे गुडघेदुखीवाले आई-वडील आणि कंपनीच्या खर्चाने उडणारे सॉफ्टवेअरवाले. सोलापुरातून बिझनेस क्लासचं तिकीट काढणारे साधारण हेच. तिघांनाही एजंट एकच प्रश्न विचारतो, "कतार, एमिरेट्स, लुफ्तांझा की एअर इंडिया?" या प्रश्नाचं उत्तर देऊन लाखांच्या घरातली रक्कम भरणं म्हणजे निम्मीच चौकशी करून माल उचलणं. एकाच कंपनीच्या, एकाच दराच्या तिकिटावर एका विमानात दार लागणारी खोली मिळते आणि दुसऱ्या विमानात तिघांच्या मधली सीट. कोणतं विमान तुमच्या वाट्याला येणार हे गेल्या पाच-सहा वर्षांत बऱ्याचदा विमान कंपनी आणि विमान बनवणारा कारखाना यांच्यात काय बिनसलंय यावर ठरलं आहे. त्यामुळे इथे गुण दिलेत ते विमानांना.

घरच्या धावपट्टीचं आधी उरकून घेऊ. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पडली, त्यानंतर दोन वर्षांनी होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. फ्लाय ९१ ची गोव्याची सेवा (जून २०२५ पासून) एटीआर ७२-६०० विमानाची, त्यात प्रीमियम भाग नाहीच. स्टार एअरची मुंबई सेवा (१५ ऑक्टोबर २०२५ पासून) एम्ब्रेअर १७५ विमानाची. त्यात ७६ सीट, त्यातल्या १२ बिझनेसच्या, १-२ अशा मांडणीत (वाटेच्या एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन). सीट रुंद आहे, मागे कलते, आडवी होत नाही, आणि तासाभराच्या उड्डाणाला त्याहून जास्त लागतही नाही. एकट्याने जात असाल तर एकेरी सीट घ्या. मात्र याच विमानाच्या इकॉनॉमीतही २-२ मांडणी आहे, मधली सीट कुणालाच येत नाही. त्यामुळे जादा पैसे मोजायचे ते सामानाच्या सवलतीसाठी मोजा, सीटसाठी नको. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट वेगळं काढलेलं असेल तर मुंबईत बॅगा घेऊन टर्मिनल २ ला नव्याने चेक-इन करावं लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

खरी निवड पुढच्या टप्प्याची. त्यासाठी बिझनेस क्लासची सीट विमानात येते कशी, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

मोठ्या विमानांत इंजिन, पंख, चाकं विमान कारखान्याची जबाबदारी, पण बिझनेस क्लासची सीट बहुतेक वेळा विमान कंपनी स्वतः पसंत करते, सीट बनवणाऱ्याला (साफ्रान, कॉलिन्स, रेकारो वगैरे) स्वतः ऑर्डर देते आणि ती विमान कारखान्यात पोहोचवली जाते. सीटला मोटारी, वीज, स्क्रीन, दार असं सगळं जोडलेलं असतं. ती मंजूर व्हायला गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट झटक्याची चाचणी पास व्हावी लागते, डोक्याला किती मार बसतो हे मोजलं जातं, आणि दार असेल तर उड्डाण व उतरताना ते उघडंच राहतं हे दाखवावं लागतं. एका विमानप्रकारासाठी मिळालेली मंजुरी दुसऱ्या प्रकाराला आपोआप लागू होत नाही. जमिनीतले रूळ वेगळे, भिंतीचा बाक वेगळा, वायरिंग वेगळं. म्हणजे वेळापत्रक तिघांचं: विमानवाला, सीटवाला आणि मंजुरी देणारा. माग दारात आला आणि जॅकार्ड (नक्षी विणणारं यंत्र) अजून वाटेत, अशी अवस्था आपल्या एमआयडीसीत ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. तिघांतला एक जरी अडला तरी कंपनी जुनं विमान आणखी दोन-तीन वर्षं ओढते. आणि जे विमान दोन वर्षांत काढायचं ठरलेलं आहे त्याच्या सीटवर कुणी पैसा घालत नाही. सीट आडवी करणारी मोटार गेली की सुटा भाग वेळेवर येत नाही, मग एका सीटचा भाग काढून दुसरीला लावतात. प्रवाशाला दिसतो तो फक्त "ही सीट बंद आहे" असा कागद.

कतार आणि एअरबस: रंगाचं भांडण, झोपेचं नुकसान

या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच. एअरबस ए३५० ची बाहेरची कातडी कार्बन फायबरची असते. वीज पडली तर ती पसरून जावी म्हणून रंगाच्या थराखाली तांब्याची बारीक जाळी असते. कतारच्या विमानांवर रंग फुगून उडायला लागला, काही ठिकाणी ही जाळी उघडी पडली. कतारच्या हवाई नियामकाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरुवातीला १३ ए३५० जमिनीवर बसवली. पुढे हा आकडा दुपटीच्या वर गेला. एअरबसचं म्हणणं, हा पृष्ठभागाचा प्रश्न आहे, सुरक्षेचा नाही. युरोपीय नियामकही तेच म्हणत होता. कतारला ते मान्य नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं, जानेवारी २०२२ मध्ये एअरबसने उलट कतारची ५० ए३२१निओंची ऑर्डरच रद्द केली. १ फेब्रुवारी २०२३ ला, खटला उभा राहण्याआधी काही महिने, तडजोड झाली. चूक कुणाची हे कुणीच कबूल केलं नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी परत जिवंत झाल्या.

आता आतल्या बाजूने बघा. जी विमानं रंगापायी थांबली, त्यातल्या बऱ्याच विमानांत कतारची सर्वांत चांगली सीट होती: क्यूस्वीट, २०१७ साली आलेली, सरकतं दार असलेली, १-२-१ मांडणीची, एक सोडून एक उलट्या तोंडाची. ए३५०-१००० मध्ये अशा ४६. रंग उडाला बाहेरचा, आणि आतली चांगली गादी हँगरमध्ये पडून राहिली. फुटबॉल विश्वचषक तोंडावर, म्हणून कंपनीने ए३८० परत बाहेर काढली. तीच ए३८०, जिची खरेदी ही आपली चूक होती असं कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अकबर अल बकर जाहीरपणे सांगत होते. शिवाय कॅथे पॅसिफिकने वापरलेली ७७७ विमानं घेतली, ती आधीच्या मालकाच्याच सीटांसकट चालवली.

आज ए३५० परत उडतात, पण ताफा अजून सरमिसळच आहे, म्हणून निवडीचा क्रम सांगतो. क्यूस्वीट (ए३५०-१००० आणि बहुतांश ७७७) पहिल्या नंबरला. उलट्या तोंडाच्या खिडकीकडच्या सीट खिडकीला जास्त चिकटून आहेत, एकट्याने जाणाऱ्याला त्या बऱ्या. दोघं असाल तर मधली जोडी घ्या. ७८७-९ वर वेगळी पण दार असलेलीच सीट आहे, ३० जागा, खांद्याजवळ जरा अरुंद, तरी दुसरा नंबर बिनधास्त. ए३८० वर वरच्या मजल्यावर ४८ सीट, दार नाही, मात्र सीट पूर्ण आडवी होते, खिडकीच्या कडेला सामानाचे खोल कप्पे आहेत आणि आवाज फारच कमी. दाराचा अट्टहास नसेल तर ही तडजोड अजिबात वाईट नाही. ७८७-८ वर २२ सीट, दार नाही, आडवी होते. ए३३० वरच्या २-२-२ मांडणीला मात्र पूर्ण दर देऊ नका. हैदराबाद-दोहा हा पहिला टप्पा चारेक तासांचाच आहे, तिथे काहीही चालेल. दोहाहून लंडन किंवा न्यूयॉर्कच्या टप्प्यावर कोणतं विमान आहे ते बघा.

७७७एक्सची वाट आणि एमिरेट्स, लुफ्तांझा

बोइंगचं ७७७एक्स २०१३ साली विकायला काढलं, २०२० मध्ये मिळणार होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बोइंगने पहिल्या विमानाची तारीख २०२७ वर ढकलली. एमिरेट्स आणि लुफ्तांझा हे दोघेही यावर नव्या बिझनेस क्लासची भिस्त ठेवून बसले होते. एमिरेट्सचे अध्यक्ष टिम क्लार्क यांनी बोइंगला जाहीरपणे सुनावण्यात कधी कसर ठेवली नाही. रोल्स-रॉइसलाही नाही: ए३५०-१००० च्या इंजिनाच्या टिकाऊपणावरून २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये खटके उडाले आणि ती ऑर्डर आलीच नाही. पण नुसतं सुनावून गादी नवी होत नाही. म्हणून कंपनीने नोव्हेंबर २०२२ पासून जुनी विमानं स्वतःच्याच कार्यशाळेत आतून नव्याने बांधायला घेतली, आधी १२०, मग यादी १९१ पर्यंत नेली.

याचा अर्थ प्रवाशासाठी असा. एमिरेट्सच्या न बदललेल्या ७७७ मध्ये बिझनेसची मांडणी २-३-२ आहे. त्यातली ई सीट म्हणजे लाखो रुपये देऊन दोघांच्या मध्ये बसणं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बदललेल्या ७७७ मध्ये १-२-१. हैदराबादला ७७७ येतं. जुनं की नवं हे सीटचा नकाशाच सांगेल. मुंबईला ए३८० आणि ए३५० दोन्ही दिसतात. ए३५० वर ३२ बिझनेस सीट १-२-१ मांडणीत आणि २१ प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधली श्रेणी). आई-वडिलांना पाठवताना जुन्या ७७७ च्या बिझनेसपेक्षा मुंबईहून ए३८० धरणं केव्हाही बरं, भले सोलापूर-मुंबईचा एक टप्पा वाढला तरी.

लुफ्तांझाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. तिची नवी ॲलेग्रिस सीट ७७७-९ वर येणार होती. विमानच आलं नाही, म्हणून मे २०२४ मध्ये म्युनिकच्या ए३५० वर आली. एका बिझनेस क्लासमध्ये सात प्रकारच्या सीट: जास्त लांबीची, टेबल मोठं असलेली, दार असलेली वगैरे. कागदावर छान. पण प्रत्येक प्रकाराची मंजुरी वेगळी, त्यामुळे ७८७-९ वर ही केबिन ऑक्टोबर २०२५ मध्ये सेवेत आली तेव्हा २८ पैकी फक्त ४ बिझनेस सीटवर प्रवासी बसवायची परवानगी होती. सीट जागेवर, गादी मऊ, आणि बसायला मनाई! या वाट बघण्यात लुफ्तांझाला जुनी ए३४०-६०० आणि ए३८० चालवत ठेवावी लागली. तिच्या जुन्या बिझनेसमध्ये २-२-२ मांडणी, शेजाऱ्यांचे पाय इंग्रजी व्ही अक्षरासारखे जवळ येतात आणि खिडकीवाल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं.

हाइमटेक्स्टिलवाल्यांसाठी मात्र यात एक चांगली फट आहे. हैदराबाद-फ्रँकफर्ट थेट सेवा जानेवारी २०२४ मध्ये ७८७-९ वर सुरू झाली. लुफ्तांझाची सुरुवातीची पाच ७८७-९ मुळात चीनच्या हैनान एअरलाइन्ससाठी बांधलेली, २६ बिझनेस सीट, १-२-१, प्रत्येकाला थेट वाट. कंपनीच्या स्वतःच्या जुन्या केबिनपेक्षा ही दुसऱ्यासाठी शिवलेली केबिन सरस आहे. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत पटणचेरूला आउटर रिंग रोड धरला की शमशाबादला शहराचं तोंडही बघावं लागत नाही. मुंबईच्या फेऱ्यापेक्षा हा मार्ग सोयीचा, नकाशात १-२-१ दिसत असेल तर.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ

हैनानचं उदाहरण एकटं नाही. एअर इंडियाच्या पहिल्या सहा ए३५०-९०० रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेल्या होत्या. निर्बंध आले, सौदा मोडला, तयार विमानं एअर इंडियाकडे आली. दार असलेल्या २८ बिझनेस सीट, २४ प्रीमियम इकॉनॉमी, एकूण ३१६ जागा. स्वतः ऑर्डर देऊन, सीट निवडून, मंजुरी घेऊन ही केबिन यायला किती वर्षं लागली असती त्याचा अंदाज करा. एअर इंडियात सध्या लांब पल्ल्याला हीच पहिली पसंती. विस्ताराकडून आलेली ७८७-९ (३० बिझनेस, १-२-१) दुसरी.

तळाला आहेत जुन्या ७८७-८: १८ बिझनेस सीट, २-२-२. या आणि जुन्या ७७७ बदलायला कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला, पण सीटच वेळेवर मिळेनात. पहिली ७८७-८ या बदलासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेली ती जुलै २०२५ मध्ये. नव्या मांडणीत २० बिझनेस (१-२-१), २५ प्रीमियम इकॉनॉमी, २०५ इकॉनॉमी. तेव्हा ७८७-८ दिसलं की नकाशातल्या बिझनेस सीट मोजा. १८ म्हणजे जुनं, २० म्हणजे बदललेलं. दोन सीटच्या फरकात सगळी गोष्ट आहे.

एअर इंडिया एक्सप्रेसला मिळालेल्या ७३७ मॅक्समध्ये चिनी कंपन्यांसाठी बांधून पडून राहिलेली विमानं होती. त्यातली बिझनेसची पुढची सीट तशीच आली आणि स्वस्त दरात विकली गेली. कंपनी हळूहळू ती काढून सगळी इकॉनॉमी करते आहे, पण देशांतर्गत प्रवासात कुठे दिसली तर सोडू नका, पैसा वसूल सौदा आहे.

उलट दिशेचं उदाहरण इंडिगोचं. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमच्या फेऱ्या भाड्याच्या ७८७-९ वर सुरू केल्या. विमानं नॉर्स अटलांटिकची, त्याआधी नॉर्वेजियनची. नॉर्वेजियनने ड्रीमलायनरच्या (म्हणजे ७८७ च्या) इंजिनांच्या आणि मॅक्सच्या त्रासावरून २०२० मध्ये बोइंगवर दावा ठोकला, ९७ विमानांच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि पुढच्या वर्षी लांब पल्ल्याची सेवाच गुंडाळली. त्या विमानांतल्या ५६ प्रीमियम सीट २-३-२ मांडणीच्या, मागे कलणाऱ्या, आडव्या न होणाऱ्या. इंडिगोने त्याच सीट "स्ट्रेच" नावाने विकल्या. पाय पसरायला जागा भरपूर, पण रात्रभर पाठ टेकवायची असेल तर हे बिझनेस नव्हे, चांगलं प्रीमियम इकॉनॉमी आहे. दरही त्याच हिशेबाने पारखा.

तिकीट काढण्याआधी आणि नंतर

एजंटला विमानाचा कोड विचारा: ३५१ म्हणजे ए३५०-१०००, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ड्रीमलायनर. मग कंपनीच्या संकेतस्थळावर सीटचा नकाशा उघडून एका रांगेत किती सीट आहेत ते मोजा आणि एअरोलोपा या सीट-नकाशांच्या संकेतस्थळावरच्या नकाशांशी ताडून बघा, तिथे एकाच विमानाचे वेगवेगळे प्रकार वेगळे दाखवलेले असतात. गूगल फ्लाइट्सवर सीट पूर्ण आडवी होते की नाही हे लिहिलेलं असतं, तेही बघा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. शेवटी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या फ्लाइट नंबरला मागचा आठवडाभर कोणती विमानं आली ते पाहा. सातपैकी सहा दिवस नवं येत असेल तर धोका पत्करायला हरकत नाही. तीन-तीन दिवस आलटून पालटून येत असेल तर जुनंच येणार असं धरून दर ठरवा.

तिकीट काढल्यावर दर पंधरवड्याला आणि शेवटच्या आठवड्यात रोज नकाशा उघडा. तुमची निवडलेली सीट अचानक गायब झाली किंवा रांगेतल्या सीटची संख्या बदलली, तर विमान बदललं आहे. अशा वेळी लगेच फोन करा. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फेरीवर विनाशुल्क बदल मागायची खरी संधी वेळापत्रक बदलल्याच्या सूचनेनंतरच्या काही दिवसांत असते. विमानतळावर फारसं काही होत नाही.

विमानात बसल्यावर, दारं बंद व्हायच्या आत, सीट एकदा पूर्ण आडवी करून परत सरळ करा. दार सरकवा, टेबल बाहेर काढा, चार्जर लावून फोन चार्ज होतो का बघा, स्क्रीन चालू करा. काम दोन मिनिटांचं. मोटार अडकली असेल तर कर्मचाऱ्यांना हाताने सीट मोकळी करायची कळ माहीत असते. तरी जमलं नाही तर केबिन प्रमुखाला नोंद करायला सांगा आणि बिघाडाचा फोटो वेळेसकट काढून ठेवा.

भरपाईची मर्यादा नीट कळली पाहिजे. तुमची श्रेणीच खाली आणली, म्हणजे बिझनेसच्या तिकिटावर इकॉनॉमीत बसवलं, तर डीजीसीएच्या (भारताच्या हवाई नियामकाच्या) फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किमीपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० किमी ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या फेरीला, आणि युरोपीय कंपनीच्या भारतातून तिकडे जाणाऱ्या फेरीला, युरोपचा २६१ क्रमांकाचा नियमही याच टक्केवारीने लागू होतो. पण बिझनेसच्या बदल्यात बिझनेसच दिलं, फक्त दाराच्या ऐवजी २-३-२ दिलं, तर या नियमांखाली एक पैही मिळत नाही. प्रवासाच्या अटींत विमान बदलायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. कारखान्याकडून उशिराची किंवा बिघाडाची भरपाई मिळाली तरी ती कंपनीच्या खात्यात जाते.

तरी चालत नसलेल्या सीटसाठी लेखी तक्रार केलीत तर माइल्स किंवा व्हाउचर बऱ्याचदा पदरात पडतं. तक्रार आधी कंपनीकडे, उत्तर समाधानकारक नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. सोबत पीएनआर, सीट नंबर, फोटो आणि तिकीट काढताना घेतलेला सीट नकाशाचा स्क्रीनशॉट जोडा. हा स्क्रीनशॉट बहुतेकांकडे नसतो, म्हणून पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. बोर्डिंग पास घरी येईपर्यंत फेकू नका.